नवीन गाडी, नवीन काच, तरी पावसात समोरचं दिसेना : एका तक्रारीचा पूर्ण तपास

पार्श्वभूमी

मी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काम करतो, १४ वर्षं झाली. ज्यांची ही केस आहे त्यांना विचारूनच लिहितोय, ओळख पटेल असं सगळं काढलंय, इथे त्यांना नुसतं ताई म्हणतो. वय पन्नाशीच्या आसपास, गाडी चालवण्याचा अनुभव २० वर्षांच्या वर, रोज कामाला जाऊन-येऊन ७० किलोमीटर आणि परतीचा प्रवास बहुतेक अंधारातच.

गाडी आठ महिन्यांची. आजकालच्या गाड्यांत असतं ते सगळं तिच्यात आहे, म्हणजे आरशामागे काचेला चिकटून बसलेला कॅमेरा, त्याच्याच शेजारी पावसाचा सेन्सर, आपोआप चालणारे वायपर, बॉनेटच्या कडेखाली लपणारे वायपरचे आर्म आणि खूप तिरकी, लांबलचक पुढची काच. पाचव्या महिन्यात दगड उडून काचेला तडा गेला आणि तडा कॅमेऱ्याच्या समोरच्या भागात सरकला, त्यामुळे रेझिन भरून दुरुस्ती करण्यात अर्थ नव्हता, पूर्ण काच बदलावीच लागली. तो निर्णय बरोबर होता. काच बदलली दुसऱ्या एका ठिकाणी, आमच्याकडे नाही.

माझ्याकडे त्या आल्या काच बदलल्यावर तीन महिन्यांनी. तोवर वायपर ब्लेडच्या दोन जोड्या बदलून झाल्या होत्या, एका ठिकाणी वायपरची मोटर खराब आहे म्हणून सांगितलं होतं आणि आणखी एका ठिकाणी काच परत बदला असा सल्ला मिळाला होता.

अडचण नेमकी काय होती

ताईंचं पहिलं वाक्य होतं, "दादा, पावसात समोरचं दिसत नाही." बस एवढंच. आणि इथेच आधीचे सगळे घसरले होते असं मला वाटतं, कारण "दिसत नाही" ऐकलं की हात सरळ ब्लेडकडे जातो.

त्यांच्याशी अर्धा तास बोलल्यावर त्यातून बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी निघाल्या. रात्री समोरून गाडी आली की तिचे दिवे फाकतात, सगळी काच पांढरी होते. वायपर परत येताना थरथरतो, खरखर आवाज करतो आणि रेघांचा पट्टा सोडतो. ऑटोवर ठेवला तर भुरभुर पावसात वेड्यासारखा पळतो, जोराचा पाऊस आला तर उशिरा जागा होतो, एकदोनदा तर कोरड्या काचेवर फिरला. सकाळी काच धुरकट होते, संध्याकाळीही होते. आणि मधूनमधून स्क्रीनवर कॅमेरा बंद असल्याचा मेसेज येतो.

वर्कशॉपला यायचं कारण मात्र वेगळंच होतं. एका पावसाळी संध्याकाळी मोठा ट्रक समोरून आला, दोन सेकंद काहीच दिसलं नाही आणि दिसायला लागलं तेव्हा एक सायकलवाला अगदी पुढ्यात. ब्रेक लागला, कुणाला काही झालं नाही. वेग ५० च्या आसपास होता म्हणाल्या. ५० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते, म्हणजे दोन सेकंदांत २८ मीटर आंधळेपणाने. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला होता आणि खरं सांगतो, माझ्याही पोटात गोळा आला. ही किरकोळ तक्रार नाही हे तिथे कळलं.

एक गोष्ट त्यांनी आधीच चांगली केली होती ती म्हणजे डोळे तपासून घेतले होते. चष्म्याचा नंबर किंचित बदलला होता, नवीन चष्मा घेतला, तरी फरक नाही. ही पायरी लोक विसरतात.

समोर कोणते पर्याय होते

ब्लेडची तिसरी जोडी हा सगळ्यात सोपा मार्ग होता, पण दोन जोड्यांनी फरक पडला नाही तर तिसरीने का पडावा? मोटर बदलायची म्हटलं तर वायपर दोन्ही वेगांवर व्यवस्थित फिरत होता, अडकत नव्हता, थांबल्यावर जागेवर बसत होता. मोटरवर संशय घ्यायला मला काहीच सापडलं नाही. ऑटो वायपर, लेनचा इशारा (गाडी आपल्या लेनमधून सरकली की मिळणारा) वगैरे सगळं बंद करून जुन्या गाडीसारखी चालवायची असाही पर्याय होता, ताईंच्या घरच्यांचं तेच मत होतं, पण त्याने फाकणारे दिवे थांबणार नव्हते.

काच परत बदलण्याचा पर्याय मात्र मी गंभीरपणे धरला होता. स्वस्तातल्या काचेत कधीकधी प्रतिमा लाटेसारखी हलते, दोन काचांच्या मधला प्लास्टिकचा थर (साधारण ०.७६ मिलिमीटरचा असतो) नीट बसलेला नसतो आणि तिरक्या काचेत असा दोष जास्त जाणवतो. म्हणून ताईंना विचारलं की नवीन काच बसवल्या दिवसापासूनच असं होतंय का. त्या म्हणाल्या, "नाही हो, उलट पहिले दहा-बारा दिवस मस्त दिसत होतं, मग हळूहळू बिघडलं."

सगळ्या केसची किल्ली या उत्तरात होती. काचेचाच दोष असता तर पहिल्या दिवसापासून दिसला असता. दहा-बारा दिवसांनी बिघडलं म्हणजे काचेवर काहीतरी बसत होतं. आणि विचार करा, त्या सल्ल्याप्रमाणे काच परत बदलली असती तर परत दहा-बारा दिवस मस्त दिसलं असतं, सगळ्यांना वाटलं असतं काम झालं.

मग ठरवलं की आठवडाभर एकही पार्ट घ्यायचा नाही, फक्त बघायचं. ताईंना सांगितलं की एक छोटी वही ठेवा आणि दिसायला त्रास झाला की गाडी थांबल्यावर चार गोष्टी लिहा : किती वाजले, पाऊस होता का, एसी कसा होता आणि धुरकट झालेल्या काचेवर आतून बोट फिरवलं तर रेघ उठली का. त्यांनी सहा दिवस मन लावून लिहिलं.

काय काय केलं

*धुरकट काच.* वहीतून पहिल्यांदा हे सुटलं. सकाळचं धुकं बाहेरच्या बाजूला होतं, आतून बोट फिरवून काही होत नव्हतं, वायपर मारला की जायचं. बाहेर दमट हवा आणि एसी १८ वर, त्याचा झोत थेट काचेवर, त्यामुळे काच इतकी गार व्हायची की बाहेरून दव धरायचं. ताई धुरकट दिसलं की एसी आणखी वाढवायच्या, म्हणजे आणखी दव. उपाय उलटा होता, झोत काचेवरून काढून तापमान वाढवायचं आणि एकदा वायपर फिरवायचा.

संध्याकाळचं धुकं आतलं. बरोबर तिघं जण, ओल्या छत्र्या, एसी बंद आणि आतलीच हवा फिरवायचं बटण सकाळपासून चालू. श्वासातली वाफ जाणार कुठे? एसी हवेतलं पाणी काढून घेतो, म्हणून पावसात गारवा नको असला तरी एसी चालू ठेवून तापमान वर घ्यायचं आणि बाहेरची हवा आत येऊ द्यायची. पुढच्या काचेचं डिफॉगचं बटण दाबलं की बहुतेक नवीन गाड्या हे स्वतःच करतात. यात एक खोच आहे, ओला एसी बंद करून पंखा चालू ठेवला तर आतल्या कॉइलवरचं पाणी परत हवेत येतं आणि काच एका झटक्यात धुरकट होते. चालू गाडीत हे फार धोक्याचं.

*फाकणारे दिवे.* गाडी अंधाऱ्या शेडमध्ये लावली, टॉर्च बाहेरून तिरका मारला आणि ताईंना आत बसवलं. काचेच्या आतल्या बाजूला दुधाळ थर स्पष्ट दिसला, कापडाने पुसल्याच्या गोल खुणांसकट. पांढरं मायक्रोफायबर एकदा फिरवलं तर ते पिवळट-राखाडी आणि चिकट झालं.

नवीन गाडीत हे जास्त का होतं ते सांगतो. डॅशबोर्डच्या प्लास्टिकमध्ये ते मऊ राहावं म्हणून जी द्रव्यं घालतात ती उन्हात तापली की हळूहळू वाफ होऊन बाहेर पडतात आणि काचेवर जाऊन बसतात. नव्या गाडीचा जो वास लोकांना आवडतो त्यातही असलीच द्रव्यं असतात. पहिलं वर्षभर हे जोरात चालतं. आणि ताई दर रविवारी डॅशबोर्डला चकाकीचं पॉलिश मारत होत्या, तेही उन्हात तापून काचेवरच जात होतं. दिवसा हा थर कळत नाही, रात्री समोरचा प्रकाश पडला की प्रत्येक कण चमकतो.

साफ करताना आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी अर्धं-अर्धं, कापडावर घेऊन. काचेवर स्प्रे करायचं नाही, ओघळ डॅशबोर्डच्या फटीत आणि सेन्सरच्या डब्यात जातो. एका कापडाने पुसायचं, दुसऱ्या कोरड्याने लगेच उचलायचं. तिरक्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात हात पोचत नाही, तिथे लांब दांड्याचा त्रिकोणी पॅड वापरला. दोन वेळा केलं. त्याच रात्री ताईंचा फोन आला की निम्मा त्रास गेला.

*थरथरणारा वायपर.* इथे माझी चूक झाली. वायपर एकाच दिशेने थरथरत असेल तर आर्मचा कोन चुकलाय असं आम्ही धरतो, कारण रबराची कड काचेवर सरळ उभी असली तरच ती प्रत्येक फेरीला पलटते आणि मागे ओढत येते, कोन गेला की एका बाजूला ती पलटायच्या ऐवजी उड्या मारते. ताईंचा वायपर परत येतानाच थरथरत होता म्हणून मी आर्म किंचित पिळला, वॉशरचं पाणी मारून बघितलं, आवाज गेला. गाडी दिली. चार दिवसांनी भुरभुर पावसात परत तेच.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं, काच पाण्याने भिजवून नुसतं बघत बसलो. काही ठिकाणी पाण्याचे मोत्यासारखे थेंब उभे राहत होते, काही ठिकाणी पाणी सपाट पसरत होतं, मधे ठिगळं. विचारलं तर ताई म्हणाल्या की काच बदलल्यावर तीन आठवड्यांनी परत दिसेनासं झालं तेव्हा त्यांनी पाणी न टिकणारं कोटिंग बाटलीतून आणून स्वतः लावलं होतं. म्हणजे बघा कसं झालं. त्रास आतल्या थराचा होता, उपाय बाहेर लावला, तो वायपरच्या घासण्याने जागोजागी उडाला आणि रबर एका क्षणी घसरतं तर पुढच्या क्षणी पकडतं, मग थरथर होणारच. माझा वॉशरचा फवारा भरपूर पाणी देत होता म्हणून शेडमध्ये ते लपलं.

कोटिंग काढायला काचेचं सौम्य पॉलिश हाताने वापरलं. मशीनला पॅड लावून सेरियम ऑक्साइडने (काच घासून गुळगुळीत करायची पावडर) घासलं असतं तर लवकर झालं असतं, पण एका जागी जास्त घासलं गेलं की काचेला खळगा पडतो आणि त्यातून बघताना रस्ता वाकडा दिसतो, ड्रायव्हरच्या नजरेसमोर आणि कॅमेऱ्यासमोर ती जोखीम मला घ्यायची नव्हती. पाणी सगळीकडे एकसारखं पसरेपर्यंत घासलं. आणि मग गंमत अशी की वायपर जाताना थोडा थरथरायला लागला, कारण मी पिळलेला आर्म आता चुकीच्या कोनात होता. तो परत मूळ जागी आणला, आवाज बंद. ब्लेड तेच ठेवले, ते कधी खराब नव्हतेच.

(जाता जाता : लपणारे आर्म असलेल्या गाडीत आर्म तसाच उचलायला जाऊ नका, बॉनेटच्या कडेला लागून रंग उडतो. आधी गाडीच्या पुस्तकात बघून वायपर सर्व्हिस पोझिशनला, म्हणजे काचेवर वर उभे राहतात त्या जागी आणायचे. ताईंच्या बॉनेटवर दोन टवके आधीच होते, कुणी पाडले काय माहीत.)

*पावसाचा सेन्सर.* हा सेन्सर पाऊस थेट बघत नाही. आतून इन्फ्रारेड प्रकाश काचेत तिरका सोडतो, काच कोरडी असेल तर तो बाहेरच्या पृष्ठभागावरून जवळपास पूर्ण परत येतो, थेंब असेल तर त्यातला काही बाहेर निसटतो, जितका कमी परत येईल तितका पाऊस जास्त असा हिशोब. त्यामुळे सेन्सर आणि काच यांच्या मधे हवेचा एकही बुडबुडा चालत नाही, तिथे पारदर्शक जेलचा पॅड असतो. बाहेरून टॉर्च मारून बघितलं तर पॅडमध्ये चंदेरी ठिपका, नखाएवढा बुडबुडा. काच बदलताना जुनाच पॅड उचलून परत लावला असणार, त्याच्या कडेला जुन्या काचेची धूळही दिसत होती.

नवीन पॅड लावला, सेन्सर तोच. कोटिंग आधीच निघालं होतं त्याचाही फायदा झाला असणार, कारण कोटिंगवरून थेंब पळतात आणि सेन्सरच्या छोट्याशा खिडकीवर टिकतच नाहीत. नक्की किती फरक कशाने पडला ते मी सांगू शकत नाही, दोन्ही एकाच दिवशी झालं.

ताईंच्या गाडीत ऑटो वायपर किती संवेदनशील ठेवायचा ते टचस्क्रीनच्या मेनूत आहे. ते मी उभ्या गाडीत लावून दिलं आणि चालवताना अजिबात हात लावू नका म्हणून बजावलं. २०२० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या न्यायालयाने एका चालकाला दंड आणि महिनाभर गाडी चालवायची बंदी कायम ठेवली होती, तो जोराच्या पावसात टचस्क्रीनवर वायपरचा वेग बदलत होता आणि गाडी रस्ता सोडून झाडांत गेली होती.

*कॅमेरा.* काच बदलल्याच्या कागदात कॅलिब्रेशनचा, म्हणजे कॅमेऱ्याची नजर परत बरोबर जुळवून घेण्याचा उल्लेखच नव्हता. कॅमेरा काचेतून बघतो, काच बदलली की त्याची नजर केसभर का होईना हलते. साधा हिशोब करा, १ अंश चुकला तर ५० मीटरवर जवळपास ८७ सेंटीमीटरचा फरक. लेनच्या इशाऱ्यासाठी आणि आपोआप ब्रेकसाठी हे फार झालं. आमच्याकडे त्याचे टार्गेट बोर्ड (कॅमेऱ्यासमोर ठेवायचे खुणांचे फलक) नाहीत, म्हणून हे काम मी अंगावर घेतलं नाही, ज्यांच्याकडे आहेत तिथे पाठवलं. पहिल्या प्रयत्नात झालं नाही कारण डिकीत सामान भरलेलं होतं आणि मागचा भाग दबलेला होता. टायरची हवा बरोबर करून, डिकी रिकामी करून दुसऱ्यांदा झालं.

*सायकलवाला.* हा राहिला होता. दिवे फाकले म्हणून तो दिसला नाही असं आम्ही धरून चाललो होतो, पण ताई म्हणाल्या की तो बाजूने आला. म्हणून त्यांना सीटवर बसवून आमचा एक मुलगा गाडीभोवती फिरवला आणि विचारत गेलो, दिसतोय का. ड्रायव्हरच्या बाजूच्या पुढच्या खांबामागे तो पूर्ण गायब होत होता, थांबला तर दिसतच नव्हता. नवीन गाड्यांत छत दबू नये म्हणून आणि आत एअरबॅग असतात म्हणून हे खांब जाड झालेत. ताईंची सीट खूप खाली आणि मागे होती. सीट वर आणि पुढे घेतली, आंधळी जागा कमी झाली, संपली नाही. वळताना डोकं पुढे-मागे करून खांबाच्या मागे बघायची सवय लावून घ्या म्हणून सांगितलं.

निकाल

चार महिने झाले, त्यात पूर्ण पावसाळा गेला. रात्री दिवे फाकणं बंद आहे, पण आतला थर साधारण तीन आठवड्यांनी परत येतो आणि ताई तो स्वतः पुसतात, डॅशबोर्डचं पॉलिश बंद केलंय. वायपरची थरथर परत आली नाही. ऑटो वायपर पावसात ठीक चालतो, ट्रकच्या चाकांचा चिखलमिश्रित फवारा आला की मात्र अजूनही मागे पडतो, तेव्हा त्या दांडी खेचून हाताने फिरवतात. कॅमेऱ्याचा मेसेज दोनदा आला, दोन्ही वेळा सूर्य अगदी समोर होता, तो दोष मी धरत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

मी आर्म पिळायच्या आधी काच भिजवून बघायला हवी होती, पाच मिनिटांचं काम होतं. त्या चार दिवसांत ताई दोनदा पावसात रात्री गाडी घेऊन गेल्या, हे मला अजून टोचतं. कोटिंग आणि पॅड एकाच दिवशी न करता एक दिवस मधे ठेवला असता तर सेन्सरचा खरा दोषी कोण ते कळलं असतं, पण तेव्हा पाऊस चालू होता आणि त्यांना गाडी हवी होती, परत तसं असेल तर मी परत तसंच करीन.

ताईंच्या बाजूने बघितलं तर काच बदलून घेतानाच दोन प्रश्न विचारता आले असते, सेन्सरचा पॅड नवीन लावला का आणि कॅलिब्रेशनचा रिपोर्ट कुठाय. पण हे गिऱ्हाईकाने कसं ओळखावं? ते सांगणं काच बसवणाऱ्याचं काम आहे.

म्हणून ज्यांनी काच बसवली त्यांना मी स्वतः फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पॅड दरवेळी नवीन लावू म्हणाले. कॅलिब्रेशनचं विचारल्यावर "बघू" म्हणाले. पुढच्या आठवड्यात मी परत फोन करणार आहे.